एक चौरस मीटर भिंत

९ जुलै २०१७, नांदेड

सरांकडे दोन तास बसले. शेवटी मोजमापाचं एकक ठरलं: एक चौरस मीटर भिंत, साठ वर्षं. प्रकार चार. भाजलेली वीट, काँक्रीट, पत्रा, दगड-माती. प्रत्येक भिंत जन्मापासून शेवटापर्यंत मोजायची. खाणीतून निघताना काय जळलं, वाहून आणताना किती डिझेल, उभी असताना किती तापली, डागडुजीला काय लागलं, पाडल्यावर तिचं पुढं काय झालं. एक्केचाळिसाव्या वर्षी पीएच.डी.ला बसलेय तर विषय तरी आपल्या मुलखातला असू दे, हे सरांना पटलं.

आणखी एक. लातूरचं एक शिक्षण मंडळ रेणापूर रस्त्याला मुलींचं वसतिगृह बांधणार आहे. दोनशे मुली, सगळ्या क्लाससाठी आलेल्या. इमारत पर्यावरणाला धरून पाहिजे म्हणतात. सरांनी माझं नाव दिलंय. माझ्या तक्त्यात जी भिंत निसर्गावर सगळ्यात हलकी ठरेल ती ते बांधणार. अहवाल ऑक्टोबरअखेर.

घरी येऊन वहीत चार रकाने आखले. चौथ्यावर 'दगड-माती' लिहिलं आणि पेन तिथंच राहिलं. शाईचा ठिपका पसरत गेला. दिलीप चहा ठेवून गेले. "उघड्या डोळ्यांनी झोपलीस की काय," म्हणाले.

१० जुलै

स्वप्न. आई माळवदावर बसून पांढरी माती सारवतेय. मी खाली अंगणात. तिला हाक मारते तर ती मान न वळवता म्हणते, थांब, एवढा कोपरा होऊ दे. कोपरा काही होत नाही. माती सायीसारखी पांढरी, ओली. उठल्यावरही वास होता.

दुपारी वर्गात फळ्यावर काय लिहीत होते ते मधेच विसरले. मुलं शांत बसून राहिली. चांगली आहेत.

१५ जुलै, लातूर

एसटीत अहमदपूरपर्यंत डुलकी. खिडकीबाहेर सोयाबीन, नुसतं हिरवं, हलत नव्हतं.

मुक्ताची खोली. तिसरा मजला, म्हणजे स्लॅबवर पत्र्याच्या भिंती आणि पत्र्याचंच छत. चार मुली, चार लोखंडी खाटा, एक कूलर. भिंतीला हात लावला आणि काढून घेतला. मी थर्मामीटर काढला, टेप काढली, मुक्तानं पुस्तकातून डोकं वर केलं.

"मम्मी, तू मला भेटायला आलीस का भिंतीला?"

बाकीच्या तिघी हसल्या. मीही हसले, पण टेप गुंडाळली नाही. कूलर किती तास चालतो विचारलं. एक म्हणाली, लाईट असेपर्यंत. दुसरी म्हणाली, झोप येईपर्यंत. पत्रा हलका, स्वस्त, पुन्हा वितळवता येतो. पण कूलर आत घेतला की त्याच्या आकड्यांची रांग लांबच लांब होत जाते.

मुक्ता बारावीला. डॉक्टर व्हायचंय. दर रविवारी चाचणी, सोमवारी भिंतीवर क्रमांक. गालावर उशीची घडी उमटलेली होती. मी सतराची होते तेव्हा ह्याच गावात, इथून चार गल्ल्या पलीकडे, अशीच एक खोली होती माझी.

१६ जुलै, गाव

माहेरी, आप्पांकडे. नव्या गावात सगळी घरं एका मापाची, रांगेत. भूकंपानंतर मिळालेलं आप्पांचं काँक्रीटचं घर कुलूपबंद. आत सोयाबीनची पोती, मोडका नांगर, एक पाळणा. आप्पा मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये राहतात, चोवीस वर्षं झाली आता. तक्त्यात काँक्रीटच्या भिंतीला 'वापर: साठ वर्षं' लिहिलंय. इथं आत माणूसच नाही, तर वापर कोणाचा धरायचा?

आप्पा गवंडी. जुन्या गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची, आमचंसुद्धा. भूकंपानंतर त्यांनी दगडाला हात लावला नाही. शेती, दोन म्हशी, बस.

जेवताना विचारलं. "आप्पा, एका खणाच्या भिंतीला दगड किती लागायचा? किती गाड्या?"

"कशाला पायजे?"

सांगितलं. कुठलीही वस्तू तयार झाल्यापासून मातीत जाईपर्यंत तिनं काय खाल्लं नि काय टाकलं, ते मोजायचं. भिंतीचंही तसंच.

भाकरीचा तुकडा हातात धरून बसले. मग म्हणाले, "पत्र्याचं इचार. सांगतो. त्या भिंतीचं न्हाई."

म्हशीला पाणी दाखवायला उठून गेले. म्हैस पाणी पिऊन झालेली होती.

२ ऑगस्ट, नांदेड

विटेची माहिती आहे, सिमेंटची हवी तेवढी आहे, पोलादाची तर देशोदेशीची. दगड-मातीची कुठंच नाही. ती ज्यांना होती ते गवंडी वारले, किंवा आप्पांसारखे गप्प बसले. सर म्हणाले, अंदाज धरा, तसं लिहा. धरला. नाल्यातला दगड, बैलगाडी, गढीची पांढरी, घरच्यांचे कष्ट. 'डागडुजी' ह्या ओळीत दर उन्हाळ्यात माळवदावर नवी माती. डोक्यावरून वाहून आणलेली. इंधन काही नाही, म्हणून तिच्यापुढं शून्य.

९ ऑगस्ट

पहिला आलेख निघाला. पडद्यावर चार खांब. काँक्रीटचा उंच. पत्र्याचा, कूलर धरल्यावर, त्याच्या खांद्याला. विटेचा मधला. दगड-मातीचा इतका बुटका की त्याला रंग दिलाय हे वाकून पाहावं लागलं.

लॅपटॉप मिटला. खिडकीशी उभी राहिले. खाली कोणीतरी गाद्या पिंजत होतं, कापूस हवेत तरंगत होता, वर येत होता, माझ्यापर्यंत येऊन परत जात होता. किती वेळ कोण जाणे.

सर फोनवर खूश. "मॅडम, पारंपरिक भिंत जिंकली! छापण्यासारखं आहे."

११ ऑगस्ट

लिहूनच टाकते, एकदा.

त्या दिवशी पहाटे मी लातूरच्या खोलीत होते. भांडी पडली, मांजर वाटलं. मग जमीन. सगळ्या जणी जिन्यावरून खाली अंगणात. उजाडेपर्यंत तिथंच बसलो. उजाडल्यावर, सवयीनं, सहाच्या शिकवणीला गेले. सर आलेच नव्हते. आम्ही चौघी बाकावर बसून रसायनाची समीकरणं सोडवली. दोन्ही बाजूंचे अणू जुळले की खाली रेघ मारायची. सात-आठ समीकरणं जुळवली असतील. नंतर बाहेर कोणीतरी रेडिओ मोठा केला आणि त्यात आमच्या बाजूच्या गावांची नावं आली.

आप्पा त्या आठवड्यात अहमदपूरला कामावर. आई एकटीच घरी होती.

ती समीकरणं अजून आठवतात. रेघासुद्धा.

१८ ऑगस्ट, लातूर

मंडळाची बैठक. सरही सोबत. सचिव निवृत्त मुख्याध्यापक, फार मृदू बोलणारे. आलेख पाहून हात जोडले. "ताई, मुलींना उन्हाळ्यात गारवा मिळेल. आणि दगड तर तयारच आहे."

कुठला, विचारलं.

जुन्या गावांचा. तुमच्याच बाजूचा. चोवीस वर्षं नुसता पडून आहे, ट्रॅक्टर ठरवलाय. ते सहज बोलले, त्यांना माझं गाव माहीत नव्हतं. आणि पद्धतीच्या नियमानं ते बरोबरच. एकदा वापरून झालेला दगड पुन्हा वापरला की त्याचं ओझं जवळजवळ नाहीच. माझ्या आलेखात तो खांब आणखी बुटका होईल, बहुतेक रेघच उरेल.

मी म्हटलं, "ती घरं पडली होती. माणसांवर."

सचिवांनी आलेख खाली ठेवला. मग म्हणाले, "त्या काळी तंत्र नव्हतं. आता इंजिनीअर आहेत ना. तुम्ही आहात."

सरांना बाहेर आल्यावर विचारलं, पडण्याचा धोका तक्त्यात कुठं घ्यायचा. ते म्हणाले, सुरक्षितता हा वेगळा विषय, वेगळी परीक्षा, आपली चौकट पर्यावरणावरच्या भाराची. चिडून नाही म्हणाले. नियमच तसा आहे.

परतीच्या एसटीत लोह्यापर्यंत डोळे मिटून. दोनशे खाटा दिसत राहिल्या, एका रांगेत, सगळ्यांवर मुली, सगळ्यांच्या गालावर उशीच्या घड्या.

४ सप्टेंबर

दिलीपना विचारलं, मी सही नाही केली तर? ते म्हणाले, दुसरा कोणी करेल. आकडे तर तुझेच वापरतील.

खरं आहे.

१३ सप्टेंबर

मुक्ताचा फोन. रँक घसरली. "रडून राहिलेय, पण बरंय, तू अभ्यास कर." मला म्हणाली, तू अभ्यास कर.

दसऱ्याला दोन दिवस सुट्टी आहे तिला. आप्पांकडे जाऊ या म्हणाली. तिथं तिला झोप चांगली लागते.

२९ सप्टेंबर, गाव. खंडेनवमी

आज दुपारी जे झालं ते जसंच्या तसं उतरवते.

सकाळी घरोघरी अवजारं मांडलेली. विळे, खुरपी, फवारणीचे पंप, ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा. आप्पांच्या अंगणात काही नाही. दरवर्षीच नसतं.

जेवून तिघं शेडमध्ये. पत्रा तापलेला, मुक्ताच्या मानेवरून घाम. ती म्हणाली, "आप्पा, एवढं पक्कं घर आहे, तिकडं का नाही राहत?"

"तिकडं सोयाबीन ऱ्हातंय."

"सांगा ना."

"पत्रा डोईवर पडला तर खोक पडती, माय. बस."

तिनं मान पुसली. मग, ज्या सुरात ती मला शंका विचारते त्याच सुरात, "आजीला कशानं लागलं? भिंतीनं का छतानं?"

मी तिच्यावर ओरडले. चोवीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

आप्पा हातातल्या सुतळीची गाठ सोडवत होते. सुटली. म्हणाले, "आधी माती. दगड मागून आले."

मग उठले, पायात वहाणा घातल्या. "चला."

जुनं गाव चालत अर्ध्या तासावर. ते कधी जात नाहीत. बाभळी, सीताफळं, मधे मधे दगडांचे उंचवटे. ऊन असं की सगळं किंचित हलल्यासारखं. एक तितर ओरडत होता तेवढाच. ट्रॅक्टरच्या चाकांचे ताजे ठसे होते, एक ढीग निम्मा उचललेला. आप्पांनी तो पाहिला, पुढं चालत राहिले. मला वाटलं त्यांना आमची जागा सापडायची नाही. ते सरळ जाऊन उभे राहिले आणि पायाच्या अंगठ्यानं दाखवलं. "हितं."

मुक्ता पाण्याची बाटली छातीशी धरून उभी.

आप्पा बोलायला लागले ते माझ्याकडं न बघता. "माळवद गळू ने म्हनून दरसाल पांढरी चढवायची. आधी जुनी खरवडून काडायची असती, मग नवी. माझ्या उस्तादानं सांगितल्यालं, जेवडी चढवशील तेवडी उतरव. लोकाच्या घरी मी उतरवत व्हतो. घरी यायाला दिवस मावळायचा. आपल्या घरी नुस्ती चढवली. तेवीस उन्हाळं."

त्यांनी दोन्ही हात पसरून भिंतीची रुंदी दाखवली.

"आन् भिंतीत दर चार हातावर एक लांब दगड पायजे, ह्या अंगापासून त्या अंगापर्यंत आरपार. त्यो दोन्ही अंगं धरून ठिवतो. न्हाईतर भिंत म्हंजी दोन भिंती, मधात भर. एक लांब दगड घडवायला दिवस जातोय. देवळाच्या ओट्याला घातले. पाटलाच्या घराला घातले. आपल्याला उरले ते गोल. गोल दगड बसत न्हाई गं, नुस्ता टेकतो."

"आप्पा, तेव्हा सगळेच तसं बांधत होते."

"सगळ्यास्नी ठाव नव्हतं. मला व्हतं."

मुक्तानं बाटली पुढं केली. त्यांनी घोट घेतला, तिला परत दिली, झाकण नीट बसवून.

येताना मी मागं राहिले. तक्त्यातलं ते शून्य आठवत होतं. डागडुजी, डोक्यावरून वाहिलेली माती, इंधन काही नाही. तेवीस वेळा शून्य.

३० सप्टेंबर, गाव

दसरा. आणि भूकंपाची तीच तारीख. सकाळी लोक स्मारकाला जाऊन आले, दुपारी एकमेकांना आपट्याची पानं दिली. लहान पोरं दोन्हीकडं सारखीच पळत होती.

न्याहारीच्या वेळी आप्पा समोर येऊन बसले. "लिव."

एका खणाला दगड किती गाड्या. पांढरी किती. माळवदाचा थर सुरुवातीला किती बोटं, तेविसाव्या वर्षी किती. कोणत्या लाकडाची तुळई किती झेपते. चिखल किती दिवस मुरवायचा. अकरा पानं झाली. मधे मुक्ता एक पान लिहायला बसली, माझा हात दुखायला लागला म्हणून. तिला ते हळू सांगत होते, मास्तरांसारखे.

मुक्ताला सांजच्या गाडीनं लातूरला सोडलं. वाटेत माझ्या खांद्यावर झोपली. मी जागी की झोपेत ते कळत नव्हतं. शेतं जात होती, आई कुठल्यातरी शेतात उभी असल्यासारखी.

१४ ऑक्टोबर, नांदेड

तक्ता नव्यानं मांडला. पाचवा रकाना घातला. फोडलेला दगड, गोल एकही नाही. आरपार दगड दर चार हातांवर. जोत्यापाशी आणि दारांच्या वर सिमेंटचे पट्टे, लोखंड घालून. वर माती नाही, हलकं छत. मुदत तीच.

पाचवा खांब चौथ्यापेक्षा बराच उंच. विटेच्या जवळ. इतका जवळ की कोण खाली, कोण वर हे ठामपणे सांगता येत नाही, अंदाज थोडा हलवला की जागा बदलतात.

२१ ऑक्टोबर

सरांपुढं ठेवला. दिवाळीचा फराळ बाजूला सारून त्यांनी पूर्ण वाचला.

"मग निष्कर्ष?"

"चौथी भिंत मी कोणालाही सुचवणार नाही, हा."

"तक्त्यात ती पहिली आहे, मॅडम."

"आहे. तशीच ठेवलीय. आकडा बदललेला नाही."

सरांनी चष्मा काढला. "मग वाचणारा आकडा बघेल. तुमचं वाक्य कोण बघतंय?"

मी म्हटलं, "मुदत साठ वर्षं धरलीय. ती भिंत साठ वर्षं टिकतच नाही इथं. आमची तेविसाव्या वर्षी पडली. तेवढी मुदत धरून मोजू या. पडल्यावर पुन्हा बांधायचं धरू या. माणसांचं कसं धरायचं ते मला येत नाही. ते मी लिहिलंय, येत नाही म्हणून."

सरांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. शेवटी म्हणाले, ठेवा तसंच. परीक्षकांनी विचारलं तर बघू. आणि दाराशी आल्यावर, "तुमची म्हणजे, तुमच्या घरची?" नऊ वर्षं ओळखतात. मी कधी सांगितलंच नव्हतं.

३ नोव्हेंबर, लातूर

अहवाल मंडळाला दिला. सचिवांनी शेवटचं पान दोनदा वाचलं. कंत्राटदार म्हणाला, आरपार दगड, फोडीव काम, हे आता कोण करतंय, हात कुठायत. एक सदस्य म्हणाले जुन्या पद्धतीनंच घ्या, स्वस्त पडेल, वर प्लास्टर करू. दुसरे म्हणाले, नकोच, काँक्रीट करा, डोक्याला ताप नाही.

मी म्हणाले, जुन्या पद्धतीनं करणार असाल तर अहवालावरून माझं नाव काढा, आणि मी तसं लेखी सगळ्यांना कळवणार. टेबलाखाली हात एकमेकांत धरले होते.

सचिवांनी तोडगा काढला. आधी रखवालदाराच्या खोलीची एक भिंत पाचव्या पद्धतीनं बांधून दाखवा. मग बैठक.

हात कुठायत म्हणाला तो. मला माहीत होतं कुठायत.

५ नोव्हेंबर

आप्पांना शेजारच्या फोनवर. सगळं सांगितलं. ते हं, हं करत राहिले. "दगड कुटला?"

"जुन्या गावाचा."

फोन ठेवला की कटला कळलं नाही.

१९ नोव्हेंबर

दोन आठवडे काही नाही. मी विषय काढला नाही. मुक्ताची रँक वर. जेवताना दिलीप म्हणाले, त्यांना नको वाटत असेल तर सोडून दे. सोडलंच होतं.

२७ नोव्हेंबर

कॉलेजात तास चालू असताना शेजाऱ्यांच्या नंबरावरून फोन. घेतला, वर्गाबाहेर येऊन. आप्पा.

"गाडी कवा पाठिवतीस?"

६ डिसेंबर, रेणापूर रस्ता

आप्पा कामाला लागले, मी सोबत. कॉलेजातून आठ दिवसांची रजा टाकलीय. आप्पांची पिशवी उघडली तर हातोडा, छन्न्या, ओळंबा, गुण्या, सगळं तेल लावून कापडात गुंडाळलेलं. म्हणजे इतकी वर्षं ते तेल लावत होते. कुठं ठेवलं होतं, विचारलं नाही.

जोडीला लातूरचे सलीममामू, पन्नाशीचे, आयुष्यभर विटा आणि सिमेंट. पहिल्या दिवशी हसले. "चाचा, ऐसे करते बैठे तो पोऱ्यांची परीक्षा होऊन जाती." आप्पांनी त्यांना एक गोल दगड दिला, बसवा म्हणाले. मामूंनी बसवला. आप्पांनी करंगळीनं ढकलला. मामू मग हसले नाहीत, छन्नी मागितली.

दगड ट्रॅक्टरनं आलेला. आप्पा एकेक उलटून बघतात, हात फिरवतात. मधेच एखादा बाजूला ठेवतात, त्याला हात लावू देत नाहीत. असे चार-पाच झाले. कोणाच्या घरचे, त्यांना कळत असावं. मी दूर खुर्चीवर वही घेऊन. छन्नीचा आवाज एकसारखा, ऊन कोवळं, धूळ उडतेय ती पांढरट, गोडसर वासाची. दोनदा वाटलं मी गावात आहे आणि शाळेला उशीर झालाय.

९ डिसेंबर

कंबरेपर्यंत आली. आज एक थर पूर्ण झाल्यावर आप्पांनी ओळंबा सोडला, लांब उभे राहून पाहिलं आणि अख्खा थर उतरवला. मामूंनी माझ्याकडं पाहिलं. आप्पा म्हणाले, "एक दगड खोटा बसलाय." कोणता, ते सांगितलं नाही. पुन्हा लावला.

सिमेंटच्या पट्ट्याबद्दल भांडण. त्यांना तो नको, दगडाचा अपमान वाटतो. मी कागदावर काढून दाखवलं, हादरा आला की कोपरे कसे उघडतात. बराच वेळ कागद धरून बसले. "कोपरेच उघडले व्हते," म्हणाले. मग स्वतःच फळ्या बांधायला मामूंना सांगितलं.

१० डिसेंबर

चाचणी झाल्यावर मुक्ता दुपारी आली, मैत्रिणीच्या स्कूटीवर. भिंतीला हात लावून म्हणाली, गार आहे. थोड्या वेळानं मैत्रीण म्हणाली, आमच्या खोलीचं पण असं करता येतं का. आप्पा तिला म्हणाले, "तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर हाय न्हवं? तितं न्हाई. तितं पत्राच बरा." किती साधं सांगितलं. मला तीन पानं लागली होती.

१२ डिसेंबर, रेणापूर रस्ता

भिंत छातीएवढी. आज मंडळाची बैठक होती, दुपारी तीनला. चारला सचिवांचा फोन. ते स्वतः तयार आहेत, दोघं काँक्रीटवर अडून आहेत, एक जण काहीच बोलला नाही. निर्णय पुढं ढकलला. तोवर काम थांबवा, मजुरी आजपर्यंतची मिळेल. तुमच्या वडिलांना धन्यवाद सांगा.

सचिवांवर राग आला नाही. मीही खात्रीनं सांगू शकत नाही की ही भिंत उभी राहील. पुन्हा तसा हादरा आला तर. मोजलंय, तपासलंय, तरी. खात्री असती तर भांडले असते.

आप्पांपाशी गेले. ते ढिगाऱ्यावर बसून दगड निवडत होते. सगळं सांगितलं, न गाळता. बैठक, दोघं अडून आहेत, काम थांबवा म्हणाले.

त्यांनी ऐकून घेतलं. पुढ्यातला दगड पालथा केला, टाचेनं जरा हलवून पाहिला, उजवीकडच्या रांगेत ठेवला. सलीममामू हातपाय धुऊन सायकलपाशी थांबले होते.

"मामू," आप्पांनी हाक मारली, "सकाळी लवकर या. सा लांब दगड लागतील. दोनच झालेत."

मामूंनी माझ्याकडं पाहिलं. मी वहीत लिहिलं, लांब दगड चार बाकी. ते हाव म्हणाले आणि गेले.